रोंदाल्यात वाजवायचंय? आधी मागची खुर्ची धरा

मनिलाच्या उपनगरात राहायला आले त्या पहिल्याच मे महिन्यात रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाकडून तारांचा आवाज यायचा. कुणीतरी मेंडोलिनवर सतारीसारखा ‘झाला’, म्हणजे शेवटचं द्रुत वादन, धरलाय असं वाटायचं, पण एका माणसाच्या हातून एवढा भरीव आवाज निघणार नाही हेही कळत होतं. एक दिवस चपला घातल्या आणि गेले. बास्केटबॉलच्या कोर्टावर, पत्र्याच्या छपराखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या अर्धगोलात मांडून वीसेक माणसं बसली होती. शाळेच्या गणवेशातली पोरं, मासळी विकणाऱ्या एक बाई, दोन निवृत्त शिक्षक, एक ट्रायसिकलवाला, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकलची रिक्षा चालवणारा. प्रत्येकाच्या मांडीवर तारवाद्य. याला रोंदाल्या म्हणतात हे तेव्हा कळलं.

नाशिकला मी चार वर्षं सतार शिकले होते. त्या जोरावर "मला येतं" म्हणत पुढच्या रांगेत बसले आणि पंधरा मिनिटांत सगळ्या रांगेची लय घालवली. पुढच्या सरावाला गेले तर माझी खुर्ची शेवटच्या रांगेत, बाहो नावाच्या ढोल्या वाद्याशेजारी सरकवलेली. कुणी काही बोललं नाही. पण खरं शिक्षण त्या खुर्चीवर सुरू झालं. फिलिपिन्समध्ये, आखातात, अमेरिकेत किंवा जहाजावर फिलिपिनो सोबत्यांमुळे ज्यांना या वाद्यवृंदांची ओढ लागली आहे आणि सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: जवळ काय आहे ते पाहा

सात हजारांहून जास्त बेटांच्या देशात "फिलिपिनो वाद्यसंगीत" अशी एकच गोष्ट कशी असेल? नवख्या माणसाच्या वाट्याला साधारण चार घराणी येतात. स्पॅनिश काळात रुजलेला तारवाद्यांचा रोंदाल्या मुख्यतः ख्रिस्ती वस्तीच्या मैदानी भागांत आणि शाळांत सापडतो. दक्षिणेला मिंदानाओ आणि सुलू बेटांवर कुलिंतांग, म्हणजे ओळीनं मांडलेल्या घंटांभोवतीचा वृंद. तो मागिंदानाओ, मारानाओ अशा मुस्लिम समाजांचा, आणि स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासूनचा. उत्तर लुझोनच्या कोर्दिल्येरा डोंगरांत कालिंगा, इफुगाओ, बोंतोक लोकांच्या सपाट घंटा आहेत, त्यांना गांग्सा म्हणतात. चौथी गावोगावच्या फिएस्तातली, म्हणजे चर्चच्या जत्रेतली, बांदा, म्हणजे ब्रास बँड.

निवड आवडीवरून करू नका, शेजारावरून करा. हे वाद्यसंगीत एकट्यानं खोलीत बसून येत नाही. आठवड्याला भेटणारी माणसं ज्याची असतील ते आपलं. मनिलाच्या आसपास असाल तर रोंदाल्या किंवा बांदा मिळणं सोपं. चर्चच्या सूचनाफलकावर पाहा, शाळेत विचारा, नाहीतर सरळ बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कचेरीत जा. परदेशात असाल तर १२ जूनच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला जाऊन वादकांना गाठा. तिथं कुठला ना कुठला रोंदाल्या किंवा कुलिंतांगचा गट बहुधा असतोच.

पायरी २: तीन सराव नुसतं ऐका

आपल्या कानाला एक खोड असते. गाणारा किंवा वाजवणारा एक, बाकीचे साथीला, आणि आपलं लक्ष त्या एकाच्या मागे धावतं. त्या सवयीनं रोंदाल्या ऐकलात तर चाल तेवढी ऐकू येईल आणि "हे तर सोपं आहे" असं वाटेल. माझं तेच झालं होतं.

म्हणून पहिले तीन सराव हातात काही घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त गितारा ऐका. नाव आपल्या गिटारचंच, काम मात्र लोकलच्या रुळांचं. दुसऱ्या दिवशी फक्त बाहो. तिसऱ्या दिवशी मधल्या रांगेतली वाद्यं, जी चालीला खालून उत्तर देतात. हे जमलं की चालीकडे लक्ष न देताही गाणं कुठपर्यंत आलं ते सांगता येतं. ढोलताशा पथकात वाजवलेल्यांना हे पटकन समजेल. तिथंही नवा माणूस ताशाकडे बघतो आणि टोलावर चुकतो.

कुंदिमान प्रकारातली गाणी ऐकताना एक खूण लक्षात ठेवा. ही संथ, तीन मात्रांच्या चालीची प्रेमगीतं. बहुतेकांचा पहिला भाग कोमल गंधाराच्या सावलीत चालतो आणि दुसऱ्या भागात गंधार शुद्ध होतो. त्या वळणावर साथीच्या गिताऱ्यानं नवी पट्टी एक मात्रा उशिरा पकडली की अख्खं गाणं लंगडतं. चूक साथीची असते, पण लोक बघतात चाल वाजवणाऱ्याकडे.

पायरी ३: वाद्यं ओळखा, मग मागा

रोंदाल्यातली पाच वाद्यं अशी. पुढे बांदुर्या: लहान, नासपतीच्या आकाराचं, चाल वाजवणारं. त्याच्याखाली लाउद आणि ओक्ताबिना. स्वर एक सप्तक खाली, ओक्ताबिनाचा आकार छोट्या गिटारसारखा. मग गितारा. शेवटी बाहो दे उन्यास, माणसाच्या छातीपर्यंत येणारा, खर्जाचा.

बांदुर्या स्पेनची खरी, पण तिथल्या बांदुर्येला बारा तारा असतात, दोन-दोनच्या सहा जोड्या. फिलिपिन्सच्या कारागिरांनी त्या चौदा केल्या: वरच्या तीन स्वरांना तीन-तीन, मधल्या दोघांना दोन-दोन आणि सर्वांत खालच्याला एक. बांदुर्या असो की गितारा, इथली तारवाद्यं बरेचदा फणसाच्या लाकडाची असतात. आपल्याकडे दक्षिणेत वीणा आणि मृदंग फणसाचेच, त्यामुळे पहिल्यांदा पोटाला कान लावला तेव्हा मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

काय मागावं? माझं मत सांगते. गिटारचे चार-सहा कॉर्ड येत असतील तर गितारा. काहीच येत नसेल तर बाहो, कारण त्यावर एका मापाला बहुधा एक किंवा दोन स्वर असतात आणि चुकलात तर लगेच कळतं. मेंडोलिन, बेंजो किंवा सतार येत असेल तर बांदुर्येचा मोह होईल. तो तीन महिने आवरा.

लगेच विकत घेऊ नका. बहुतेक गटांकडे जादा वाद्यं पडून असतात, तार तुटलेली, खुंटी घसरणारी. ती दुरुस्त करून घेतलीत तर गटालाही बरं वाटतं. विकतच घ्यायचं ठरलं तर मनिलात कियापोच्या राऑन भागात वाद्यांच्या दुकानांची रांग आहे आणि सेबूजवळच्या माक्तान बेटावर गिटार बनवणाऱ्यांचे कारखाने आहेत. दुकानात गटातल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत न्या. चौदाही तारा ताणलेल्या असताना मान वाकलेली नाही ना हे त्याला एका नजरेत दिसतं, आपल्याला दिसत नाही.

पायरी ४: सूर लावायला शिका, हे टाळता येत नाही

बांदुर्येचा सूर आपल्या भाषेत सांगायचा तर फार सुटसुटीत आहे. प्रत्येक तारेला सा माना, तिच्या पुढची तार म. तिला सा माना, पुढची पुन्हा म. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर खालून वर काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सगळी अंतरं सारखी असल्यामुळे एका जागी शिकलेली बोटांची चाल दुसऱ्या तारांवर जशीच्या तशी चालते. गिटारला मधे एक अंतर वेगळं असतं, त्यामुळे गिटारवाल्यांची इथं आठवडाभर गडबड होते.

त्रास तिहेरी तारांचा. तिघींतली एक केसभर उतरलेली असली तरी आवाजाला थरथर येते, जुन्या हार्मोनियमच्या सैल सुरीसारखी. उपाय: जाड कागदाची घडी करून दोन तारांखाली सरकवा, एकटी मोकळी तार लावा, मग कागद एका तारेनं मागे घ्या. मोबाइलवरचं सूरमापक चालतं, पण शेवटची जुळणी कानानंच करा, कारण तिन्ही तारा मिळून काय बोलतात ते त्या यंत्राला ऐकू येत नाही.

हवा दमट आहे हे विसरू नका. पावसाळ्यात पोलादी तारांवर दोन दिवसांत गंज धरतो. वाजवून झालं की सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून खाली पुसा आणि पेटीत सिलिकाची पुडी ठेवा. मी हे ऐकलं नव्हतं. पहिल्या जुलैत तीन तारा गेल्या, त्यातली एक गालाला लागून.

पायरी ५: नखी

जुन्या वादकांकडे कासवाच्या कवचाची नखी, म्हणजे तार छेडायचा तुकडा, अजून दिसते. ती मागू नका आणि कुणी विकायला आणली तर घेऊ नका. कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. प्लॅस्टिकची पुरते.

रोंदाल्याचा प्राण आहे तो थरथरता लांब स्वर. तार छेडली की आवाज विरतो, म्हणून नखी खाली-वर, खाली-वर इतक्या वेगानं आणि इतक्या सारखेपणानं फिरवायची की ऐकणाऱ्याला एकच सलग स्वर वाटावा. सतारवाल्यांनो, हे आपले दा-रा दा-रा, पण जोर सारखा. आपल्या दा मध्ये वजन असतं आणि रा हलका पडतो. इथं तो फरक राहिला तर स्वर लंगडतो. माझी ही सवय मोडायला दोन महिने लागले.

सराव असा करा. मिनिटाला साठची संथ लय लावा. एका मात्रेला दोन आघात, नुसते दोन. नखी तारेच्या खाली जाते तेवढीच वर यायला हवी. आरशासमोर बसा: मनगट हलतंय की कोपर? कोपर हलत असेल तर थांबा. दोन जमले की चार, मग सहा, मग आठ. आठला आवाज खडखडू लागला तर सहावर परत या. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज. हे सांगणारे आमचे म्हातारे शिक्षक स्वतः दूरदर्शन संचावर बातम्या बघत आवाज बंद करून हेच करायचे.

आणि मींड, म्हणजे तार ओढून स्वर सरकवणं, विसरा. पहिल्या आठवड्यात एका लाडक्या जागेवर मी सवयीनं तार ओढली. एका बाजूला तीन तारा, त्यांच्या शेजारी अजून तीन. सगळ्या मिळून काय ओरडल्या ते पूर्ण कोर्टानं ऐकलं. मासळीवाल्या बाई हसून लोटपोट. त्यानंतर कुठलंही गाणं संपलं की त्या माझ्याकडे बघून हवेत तार ओढल्यासारखं करायच्या.

अवघड भाग पुढेच आहे. सहा बांदुर्या असतील तर सहाही जणांचा थरथराट एकाच क्षणी सुरू व्हायला हवा आणि एकाच क्षणी थांबायला हवा. सुरुवात सहसा जमते. थांबणं जमत नाही. शेजाऱ्याचं मनगट डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहा, कागदाकडे कमी.

पायरी ६: सरावाचे रीतीरिवाज

स्वरलिपी येत नसेल तरी घाबरू नका. शाळांतले गट कागदावरून वाजवतात, पण वस्त्यांमधल्या अनेक जुन्या वादकांनी सगळं ओइदो, म्हणजे कानानं, शिकलेलं असतं. आपण गुरूंसमोर बसून ऐकून शिकलेली माणसं, आपल्याला ही रीत सोपी जाते. तरी पाश्चात्त्य स्वरलिपी हळूहळू शिकून घ्या. गट बदलला की ती लागते.

वयानं मोठ्या पुरुषाला कुया म्हणा, बाईला आते. मला हे "आते" म्हणायला पहिल्या दिवसापासून गोड वाटलं, अर्थ मोठी बहीण असला तरी. आदरानं बोलताना वाक्यात "पो" घालतात. गटाच्या शिक्षकांना बहुतेक ठिकाणी मास्त्रो म्हणतात. सरावात कानावर पडणारे शब्द थोडेच: इसा, दालावा, तात्लो म्हणजे एक, दोन, तीन. उलित म्हणजे पुन्हा. दाहान-दाहान म्हणजे हळूहळू. आणि सगळ्यांत जास्त वेळा साबाय-साबाय, म्हणजे सगळे एकदम.

मधे मेरिएंदा होतो, म्हणजे संध्याकाळचं खाणं. पान्सित नावाच्या शेवया, तांदळाचे पुतो, केळीच्या पानात बांधलेलं चिकट तांदळाचं सुमान. शाकाहारी असाल तर पान्सितमध्ये डुकराचं मांस किंवा कोळंबी असणार असं धरूनच चाला. सुमान आणि पुतो बहुधा चालतील, तरी विचारा. काहीच खाल्लं नाही तर यजमानांना वाईट वाटतं, म्हणून आपल्या घरून काहीतरी घेऊन जा. मी एकदा कोथिंबीरवडी नेली होती. पुढच्या आठवड्यात ती "पुन्हा कधी" असं ट्रायसिकलवाल्यानं विचारलं.

सराव पाच वाजता ठरलेला असेल तर साडेपाचला सुरू होईल. तुम्ही पाचलाच जा. खुर्च्या मांडायला माणूस लागतं, आणि त्या अर्ध्या तासातच जुने वादक एकटे असतात, प्रश्न विचारता येतात.

पायरी ७: नाचणाऱ्यांना वाजवताना

लवकरच तुम्हाला लोकनृत्याला साथ करायला बसवतील. लेते बेटावरचं तिनिक्लिंग बहुतेकांना माहीत असतं. जमिनीवर बसलेले दोघं दोन बांबू आपटतात आणि नाचणारे मधे पाय टाकून काढतात. तीन मात्रांचं माप, एका मात्रेला बांबू एकमेकांवर, दोन मात्रांना खालच्या फळीवर. शेवटी गती वाढत जाते. इथं नियम एकच: बांबूवाल्यांकडे बघा. वाद्यवृंद धावला आणि बांबू मागे राहिले तर कुणाच्या तरी घोट्याला लागतं. पांदांगो सा इलाव उलट सावकाश चालतं. नाचणारीच्या डोक्यावर आणि दोन्ही हातांच्या पंजांमागे पेटते दिवे असतात. तिथं गती मधेच ढकलली की काय होईल ते वेगळं सांगायला नको.

दक्षिणेचा कुलिंतांग

हा वेगळाच कारखाना आहे, आणि रोंदाल्याच्या सवयी घेऊन इथं गेलात तर अडखळाल. मी गेले होते.

मागिंदानाओ वृंदात पाच वाद्यं. कुलिंतांग म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेल्या दोरांवर ओळीनं पालथ्या ठेवलेल्या आठ घंटा, प्रत्येकीच्या मध्यावर पालथ्या वाटीसारखा उंचवटा. वाजवणारा दोन हलक्या लाकडी काठ्यांनी त्या उंचवट्यांवर वाजवतो. आगुंग म्हणजे टांगलेल्या जाडजूड मोठ्या घंटा; एका हातातल्या रबर गुंडाळलेल्या दांड्यानं वाजवायच्या आणि दुसऱ्या हातानं आवाज दाबायचा. गांदिंगान चार, पातळ आणि रुंद. बोलण्याचे चढउतार घंटेवर वाजवून पूर्वी त्यावरून निरोप धाडायचे. दाबाकान हा पेल्याच्या आकाराचा ढोल, वेताच्या दोन काठ्यांनी वाजवायचा. आणि बाबेंदिल, एक लहान घंटा, जिच्या कडेवर बारीक काठीनं ठोका देत लय धरायची.

नवख्याच्या हाती बाबेंदिल येतो. मला वाटलं, ही तर टाळ वाजवण्यासारखी शिक्षा. पण सुरुवात बाबेंदिल किंवा दाबाकान करतो आणि दुयुग, सिनुलोग की तिदतू, यांतली कुठली लय आहे ते त्यावरून बाकीच्यांना कळतं. बाबेंदिल ढळला तर पाचही जण उघडे पडतात. भजनात टाळकरी ढळला तर काय होतं ते आठवा.

सा शोधू नका. कुलिंतांगच्या दोन संचांचे सूर सारखे नसतात, आणि ते असायला हवेत असंही कुणाला वाटत नाही. एका संचावर शिकलेला तुकडा दुसऱ्यावर वेगळ्या स्वरांत पण त्याच आकारात ऐकू येतो. तंबोरा कानात घेऊन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस हे अक्षरशः दुखतं. मग एकदम आवडायला लागतं.

शिकायचं कुठं? क्वेझोन सिटीतल्या फिलिपिन्स विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात आशियाई वाद्यांचं शिक्षण आहे. या संगीताचा पद्धतशीर अभ्यास करणारे होसे मासेदा याच विद्यापीठातले. १९९७ साली त्यांना संगीतातले राष्ट्रीय कलाकार म्हणून गौरवलं गेलं. अमेरिकेत मुख्यतः दानोंगान कालांदुयान या मागिंदानाओ उस्तादांनी हे रुजवलं. ते १९७६ साली वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवायला गेले, पुढे सान फ्रान्सिस्कोत स्थिरावले, २०१६ साली वारले. त्यांच्याकडे शिकलेले लोक कॅलिफोर्नियात अजून शिकवतात.

रीत सांभाळा. घंटा ओलांडून जाऊ नका, हे मराठी माणसाला सांगायला नको. हे लग्नात आणि आनंदाच्या प्रसंगी वाजवलं जाणारं संगीत आहे. मशिदीशी त्याचा संबंध नाही आणि दुखवट्याच्या घरी ते वाजत नाही. रमजानमध्ये सराव असेल की नाही ते आधी विचारा. यूट्यूबवरून उतरवलेला तुकडा कार्यक्रमात वाजवण्याआधी तो कुणाकडून आला ते सांगा. नाव न घेता वाजवलं तर जुने लोक दुखावतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

महाराष्ट्रात बसून करता येईल असं काही

घरी वाद्य नाही, गट नाही, तरी एक गोष्ट करता येते. कालिंगा लोक सहा गांग्सा मांडीवर ठेवून हातांनी वाजवतात, एकाकडे एक घंटा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घंटेची नावंच कादवा, कातलो, कापात, म्हणजे दुसरी, तिसरी, चौथी. पहिल्या चौघी तोच ठेका थोड्या-थोड्या अंतरानं सुरू करतात, त्यामुळे एकाच्या फटीत दुसरा शिरतो आणि चौघांतून एक विणलेली चाल उठते. कुणा एकाला ती वाजवता येत नाही.

याच लोकांचं बांबूचं वाद्य आहे तोंगातोंग. सहा वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या, खालचं पेर बंद, वरचं तोंड उघडं. नळी कठीण जमिनीवर किंवा दगडावर आपटायची; वरच्या तोंडावर हात ठेवला की आवाज बसका, उचलला की मोकळा. आपल्याकडे कोकणात, मेळघाटात बांबूला काय तोटा. पाच मित्र गोळा करा, सहा नळ्या कापा, आणि "एक-दोन-थांबा" एवढाच ठेका एकेक मात्रा मागे-पुढे सुरू करून पाहा. पहिल्या संध्याकाळी सगळे शेजाऱ्याचा ठेका वाजवू लागतील. तेच नेमकं शिकायचं आहे. फक्त फरशीवर आपटू नका. आमच्या नाशिकच्या घरची एक लादी गेली.

खऱ्या गांग्सा मात्र घराण्यातून आलेल्या असतात, विधींमध्ये वापरल्या जातात. बोलावल्याशिवाय हात लावू नका. लुबुआगानचे आलोन्सो साक्लाग यांना या वादन-नृत्याच्या जपणुकीसाठी २००० साली देशाचा लोककलेचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

बांदाबद्दल थोडंसं

क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा साइड ड्रम येत असेल तर बांदा तुम्हाला लगेच घेईल. ऐकायचं असेल तर रिसाल प्रांतातलं आंगोनो गाव गाठा, २३ नोव्हेंबरला सान क्लेमेंतेच्या फिएस्तात. दोन बँड समोरासमोर आळीपाळीनं वाजवत रात्र काढतात, त्याला सेरेनाता म्हणतात. गोव्याच्या वाचकांना हे परकं वाटणार नाही: तिथं फेस्त, इथं फिएस्ता, आणि दोन्हीकडे चर्चच्या अंगणातून स्वरलिपी वाचणारे वादक तयार झाले. मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यासच्या चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे. दिएगो सेरा या धर्मगुरूंनी तो १८२४ साली पूर्ण केला, १,०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. वाजवायला मिळणार नाही, पण एकदा ऐकून या.

पहिला कार्यक्रम

कपडे गट सांगेल ते. पुरुषांना बहुधा बारोंग हा सदरा, बायकांना बारो आणि साया, म्हणजे पोलकं आणि परकर. साडी नेसू का असं मी विचारलं होतं, तर मास्त्रो म्हणाले पुढच्या वर्षी सगळ्यांना नेसवू. तासभर आधी पोचा. वाद्य उन्हात ठेवू नका, सावलीत लावलेला सूर मंचावर गेल्यावर उतरतो, म्हणून मंचाशेजारीच लावा. कागद उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे न्या, सहा तरी, कारण चार इतर लोक मागतील. एक जादा नखी खिशात. चुकलात तर हात थांबवा पण मान डोलावत राहा आणि पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेला परत शिरा. मधेच शिरायला गेलात तर शेजाऱ्यालाही घेऊन पडाल.

शेवटी फिएस्ताच्या घरचे लोक जेवायला बसवतील आणि निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत खाणं बांधून देतील. नको म्हणू नका. मग खुर्च्या आवरायच्या, दहा-दहाच्या थप्प्या. आणि बाहो परत न्यायचं काम नव्या माणसाकडे असतं. ते ट्रायसिकलच्या डब्यात मावत नाही. मान बाहेर काढून, पोटाला दोन्ही हातांनी कवटाळून, खड्डा आला की स्वतः उचलून धरायचं.